स्वाती लाल, प्रॉक्झिमाही लाल. मग फरक काय?

परभणीजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात सगळे गच्चीवर झोपतात. परवा रात्री अकराच्या सुमारास आठवीतल्या पुतणीनं ऐन डोक्यावरच्या नारिंगी ताऱ्याकडे बोट केलं. "काका, लाल ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडलाय म्हणे. तो हाच ना?"

हा नव्हे. हा स्वाती, म्हणजे लाल राक्षसी तारा. तिनं वाचलेला ग्रह प्रॉक्झिमा नावाच्या लाल बटू ताऱ्याभोवतीचा. दोघांची गल्लत होते ती 'लाल' या शब्दामुळे. लाल म्हणजे एवढंच, की ताऱ्याचा पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड आहे. तो थंड का, हे रंगावरून कळत नाही.

बटू जन्मापासूनच लहान. वस्तुमान सूर्याच्या जेमतेम निम्मं किंवा त्याहून कमी, म्हणून आच मंद. राक्षसी तारा मात्र तसा जन्मत नाही. सूर्यासारखे तारे उतारवयात तसे होतात. स्वाती वस्तुमानानं सूर्याहून थोडासाच भारी, पण फुगून व्यास सुमारे २५ पट झालाय.

तो फुगला कसा? आमच्याकडे चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजताना आई पळी थांबू देत नसे. हात थांबला की तळाला लागायच्या. सूर्याच्या गाभ्यात असं ढवळणं नाही. हायड्रोजनपासून तयार झालेला हेलियम तिथंच साचत जातो, आणि वरच्या थरांत भरपूर हायड्रोजन असूनही तो खाली उतरत नाही. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो, त्याच्याभोवतीचा थर पेटतो आणि बाहेरचं आवरण फुगत जातं. फुगताना पृष्ठभाग थंडावतो आणि तारा लाल होतो.

सूर्याच्या साधारण एक तृतीयांशाहून हलक्या बटूंमध्ये मात्र सगळं भांडं तळापासून ढवळत असतं. बाहेरचा हायड्रोजनही गाभ्यात पोचतो, आणि मंद आचेवर तो लाखो कोटी वर्षं पुरतो. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, म्हणजे आजवर एकही लाल बटू म्हातारा होऊन विझलेला नाही! मला या एका गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

आता ग्रहांचं. पाणी पाण्याच्या रूपात राहील असा पट्टा तारा फुगला की बाहेर सरकतो. सूर्य राक्षसी व्हायला अजून साधारण ५०० कोटी वर्षं आहेत. पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी, सुमारे १०० कोटी वर्षांतच धोक्यात येतील, कारण सूर्य हळूहळू प्रखर होतोय. पुढं तो पट्टा गुरू-शनीपर्यंत जाईल, पण तिथं फार काळ थांबणार नाही. तेवढ्या काळात नवी जीवसृष्टी रुजेल असं मला वाटत नाही.

बटूपाशी वेळेची ददात नाही, अडचण जवळिकीची आहे. आच मंद, त्यामुळे ऊब हवी तर ग्रहानं ताऱ्याला खेटूनच राहायला हवं. २०१६ मध्ये जाहीर झालेला प्रॉक्झिमा बी त्याच्या ताऱ्यापासून सुमारे ७३ लाख किलोमीटरवर आहे आणि ११.२ दिवसांत फेरी पुरी करतो. चंद्राची जशी एकच बाजू आपल्याला दिसते, तशी या ग्रहाचीही एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची दाट शक्यता आहे. त्यात प्रॉक्झिमावर मोठमोठे भडके उठतात. वातावरण असलंच तर त्यांच्या माऱ्यात झिजत राहणार. शिवाय बटू तरुणपणी आजच्यापेक्षा बराच प्रखर असतो, त्यामुळे ग्रहावरचं पाणी सुरुवातीलाच उडून गेलेलं असू शकतं. तरीही शोध घ्यायचा तर बटूंपाशीच घ्यावा असं मला वाटतं. आकाशगंगेतले बहुसंख्य तारे बटूच आहेत.

पुतणीला हे सांगेपर्यंत अर्धा तास गेला आणि दक्षिणेला मित्र तारा त्याच्या सगळ्यात उंच जागी आला. उंच म्हणजे आमच्याकडून क्षितिजाच्या वर जेमतेम मूठभर, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. त्याच्या खाली उजवीकडे, दोन बोटांवर प्रॉक्झिमा आहे, आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षांवर. स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर असूनही झगझगतो, आणि हा सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी दुर्बिणीशिवाय दिसत नाही. तिनं एक डोळा मिटून दोन बोटं मोजली आणि त्या काळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.