फायरमनचा कोर्स: अर्ज अडतो तो डोमिसाइलवर आणि टेपवर

राज्याच्या अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरीत हंस भुग्रा मार्गावर आहे. अग्निशामक म्हणजे फायरमनचा कोर्स सहा महिन्यांचा, त्याला दहावी लागते. उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा, त्याला पदवी. खुल्या गटाला दोन्हीकडे किमान ५० टक्के. ‘४९.८० आहेत, चालतील ना?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही चालत, बाबा.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, फोटो-सही चढवायची, फी भरून पावती जपायची. इथे कुणी फारसं अडत नाही.

अडतं ते डोमिसाइलपाशी, म्हणजे अधिवासाच्या दाखल्यापाशी. मार्कशीट असते, शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखलाही घरात कुठेतरी सापडतो; डोमिसाइल मात्र कुणीच काढून ठेवलेलं नसतं. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. आता भाड्याच्या खोलीत वाढलेल्या पोराने तो आणायचा कुठून? लाइट बिल घरमालकाच्या नावावर, आणि अकरा महिने झाले की खोली बदललेली. अशा वेळी शाळाच कामाला येते. पहिलीपासून ज्या ज्या शाळेत शिकलात, त्या प्रत्येकीचं बोनाफाइड घ्या, मधलं एकही वर्ष सुटू देऊ नका. अर्ज राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ या वेबसाइटवर करता येतो, मुंबई उपनगरातली तहसील कार्यालयं अंधेरी, कुर्ला आणि बोरिवलीला आहेत. मुदत कागदावर ठरलेली असते, पण एक ‘त्रुटी’ निघाली की पुन्हा हेलपाटे. आईच्या नावातल्या एका वेलांटीवरून परत पाठवलेला अर्ज मी पाहिलाय. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आजच कामाला लागा.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसीसारख्या गटांना आरक्षणासाठी लागणारं उत्पन्नाच्या मर्यादेचं प्रमाणपत्र, काढलेलं असेल तर त्यावरची तारीख वाचा. ते ३१ मार्चला संपतं, आणि मुलं गेल्या वर्षीचंच निर्धास्तपणे जोडतात.

वय फायरमनसाठी खुल्या गटात १८ ते २३. ते कोणत्या तारखेला मोजणार, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. फॉर्म भरला त्या दिवशीचं वय धरून बसू नका.

मग टेप. मुलांसाठी उंची १६५ सेंमी, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. फुगवल्यावरचे ते पाच सेंटिमीटर भल्याभल्यांना दगा देतात. घरी शिंप्याची टेप लावून आधी बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पोरं यातच फसतात. कोर्सला प्रवेश मिळाला म्हणजे मुंबई अग्निशमन दलात नोकरी मिळाली असं नाही. पालिकेने २०२३ मध्ये दहिसरच्या मैदानावर ९१० जागांची भरती घेतली, तेव्हा मुलांना उंची १७२ सेंमी हवी होती, मुलींना १६२, शिवाय बारावी. म्हणजे कोर्सच्या टेपपेक्षा मुलांना सात सेंटिमीटर जास्त. हा कोर्स मागतात त्या राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिका आणि नगरपरिषदा. १६८ सेंमीच्या पोराने त्या जाहिरातींवर डोळा ठेवावा.

बारावी सायन्सवाल्यांना पदवीच हवी असेल तर नागपूरला केंद्रीय गृहखात्याचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तो रस्ता वेगळा, त्याला गणित लागतं.

आणि स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारे ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा’वाले. ‘सरकारमान्य’ हा शब्द सगळेच छापतात. पैसे भरण्याआधी एखाद्या महापालिकेची जुनी भरतीची जाहिरात मोबाइलवर काढा, त्यात मागितलेल्या कोर्सचं आणि संस्थेचं नाव त्यांच्या नमुना सर्टिफिकेटशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. नमुना दाखवायला काचकूच करत असतील तर खिशातून हात काढू नका.