आयडलवर अल्टरनेटर कमी का पडतो?

पावसाळ्यात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबते, इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता संथ, चालत असते, वायपर, हेडलाइट आणि काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर चालू असतो, आणि दिव्यांचा उजेड किंचित मंदावतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो पूर्ववत होतो. अशा वेळी ‘डायनमो गेला’, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणारा अल्टरनेटर बिघडला, असा निष्कर्ष बेळगाव-खानापूरकडे सर्रास काढला जातो आणि पुष्कळदा तो घाईचा ठरतो.

अल्टरनेटरच्या रोटरवरील, म्हणजे फिरत्या भागावरील, तारेच्या गुंडाळीत रेग्युलेटर हा दाब सांभाळणारा भाग काही अँपिअर प्रवाह सोडतो, त्यामुळे रोटर चुंबक बनतो आणि तो फिरला की भोवतालच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर गुंडाळीत, विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडे यांनी 1831 मध्ये शोधलेल्या नियमानुसार हा दाब चुंबकाचे बळ आणि फिरण्याचा वेग या दोहोंवर अवलंबून असतो. बॅटरीला सुमारे 14.2 व्होल्ट हवे असतात आणि वाटेतले, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड मिळून जवळजवळ दीड व्होल्ट खातात, म्हणून स्टेटरला साडेपंधरा व्होल्टच्या वर जावेच लागते. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असताना पुलीच्या गुणोत्तरामुळे रोटर दोन-अडीच हजार फेरे घेतो. या वेगाला दिवे-ब्लोअरसारखा विजेचा भार वाढला की रेग्युलेटर चुंबकाचे बळ कमाल मर्यादेपर्यंत नेतो, आणि तरीही मागणी पुरी झाली नाही तर उरलेला प्रवाह बॅटरीतून जातो. उलट वेग वाढला की दाबाबरोबर प्रवाहाची वारंवारताही, म्हणजे त्याची दिशा बदलण्याचा वेगही, वाढते, वारंवारतेबरोबर स्टेटरच्या गुंडाळीचा अंगभूत अडथळा वाढतो आणि प्रवाह आपोआप एका मर्यादेत राहतो. वेगळे यंत्र न जोडता साधलेली ही मर्यादा मला या रचनेतील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

तपासणीसाठी सगळे भार बंद ठेवून आयडलवर बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. मात्र काही नव्या गाड्यांमध्ये संगणक इंधन वाचवण्यासाठी हा दाब मुद्दाम कमी करतो. नंतर भार चालू करून इंजिन 2000 फेऱ्यांवर न्यावे. दाब पुन्हा चढला, तर अल्टरनेटर बहुधा ठीक आहे. तेराच्या खालीच राहिला, तर आधी बेल्टचा ताण पाहावा, मग अल्टरनेटरच्या आउटपुट टर्मिनलपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतचा फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल, तर दोष गंजलेल्या जोडणीत किंवा वायरीत असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनमो’ तपासण्याची पद्धत मात्र कायमची सोडावी. रोटरमधील चुंबकत्व क्षणात ओसरत नाही, त्यामुळे भार तुटताच दाब कित्येक पटींनी उसळू शकतो आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

एक लक्षण मात्र हमखास चकवते. सुरू केल्यावर चार्जिंग होत नाही, पण एकदा जोरात रेस दिली की सुरू होते आणि नंतर आयडलवरही टिकते. अशा वेळी अल्टरनेटर बदलण्याआधी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा इग्निशन दिल्यावर पेटतो का ते पाहावे, कारण अनेक जुन्या गाड्यांत रोटरला पहिला प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो.