पाटा खेळपट्टी

पाटा खेळपट्टी : (क्रिकेट). गोलंदाजाला ना उसळी, ना शिवणीवरची हालचाल, ना फिरकी देणारी आणि सामना संपेपर्यंत तशीच राहणारी खेळपट्टी. ‘पाटा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो वापरून गुळगुळीत झालेला, टाकी लावल्याशिवाय वाटण न होणारा घरचा पाटा. समालोचक हिला ‘फलंदाजांचे नंदनवन’ म्हणतात; गोलंदाजांचे शब्द छापण्याजोगे नसतात.

नुसत्या धावांवरून पाटा ओळखू नये. चांगल्या खेळपट्टीवरही पहिल्या दिवशी साडेतीनशे धावा होतात. पण पुढे बुटांनी माती सुटते, भेगा रुंदावतात, फिरकीला धार येते. पाट्यावर पाचव्या दिवशीही चेंडू पहिल्या दिवसासारखाच सरळ बॅटवर येतो.

20.12 मीटर लांब, 3.05 मीटर रुंद पट्टी सामन्याच्या बऱ्याच आधी खोलवर भिजवतात. अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा, पण माती बोटाला चिकटू नये, अशी ओल आली की आधी हलका आणि मग जड रोलर फिरवतात. गवताची मुळे माती बांधून ठेवतात. काळी माती घट्ट बसते, उसळी कमी देते. लाल मातीवर उसळी चांगली, पण ती लवकर भुसभुशीत होते. इथपर्यंत काम सगळीकडे सारखेच. पाटा होतो तो शेवटी ओल पार सुकवली, हिरवळ साफ कापली आणि रोलर जास्तच फिरवला की. ओल असती तर नव्या चेंडूची शिवण मातीत रुतली असती. पाणी वरवरच मुरले, तर खालची माती दबतच नाही. मग चेंडू संथ आणि खाली राहतो. धावाही निघत नाहीत, गडीही पडत नाहीत. पाट्याचा हा सर्वांत रटाळ प्रकार.

ठळक उदाहरण ऑगस्ट 1997 मधील कोलंबो कसोटीचे. भारताने 8 बाद 537 वर डाव सोडला. मुंबईच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला टिपले. त्यानंतर तिसरा आणि चौथा, असे दोन पूर्ण दिवस एकही गडी पडला नाही. जयसूर्या (340) आणि महानामा (225) यांनी 576 धावांची भागी केली. श्रीलंका 271 षटकांत 6 बाद 952; कुलकर्णी 70 षटके, 195 धावा, तोच एक बळी. सामना अर्थातच अनिर्णित.

खराब खेळपट्टीसाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद मैदानाला दोषगुण (डिमेरिट पॉइंट, म्हणजे ठपक्याचा गुण) देते. डिसेंबर 2022 मध्ये रावळपिंडीत इंग्लंडने पहिल्याच दिवशी 4 बाद 506 केल्या आणि मैदानाला एक दोषगुण मिळाला. 37 गडी पडून निकाल लागल्याने अपिलात तो रद्द झाला. त्या निकालाचे श्रेय खेळपट्टीला देणे मात्र अवघड आहे : इंग्लंडने 101 षटकांत 657 कुटून वेळ वाचवला, दुसरा डाव लवकर सोडून 343 चे आमिष दाखवले आणि पाचव्या दिवशी उजेड सरता सरता 74 धावांनी सामना जिंकला.