पुतळ्याचा फोटो आणि शिल्पकाराची परवानगी

पुण्यातल्या फोटोग्राफर मंडळींमध्ये एक समज घट्ट बसलाय: चौकातल्या पुतळ्याचा फोटो स्वतःपुरता काढा, पण शिल्पकाराला विचारल्याशिवाय छापू किंवा विकू नका. हे चूक आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(टी) सरळ सांगतं की, सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. चित्रही काढता येतं. शनिवारवाड्यासमोरचा अश्वारूढ बाजीराव पहाटेच्या तिरप्या उन्हात टिपा आणि खुशाल कॅलेंडरवर छापा.

मात्र ‘कायमस्वरूपी’ हा शब्द नीट वाचा. गणेशोत्सवात दहा दिवसांपुरत्या उभारलेल्या देखाव्यातल्या मूर्तीला ही सवलत लागू होत नाही. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्रालाही नाही, कारण या कलमात शिल्प आहे, रंगचित्र नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुतळ्याची छोटी प्रतिकृती घडवून विकणंही यात बसत नाही.

संग्रहालयात कॅमेरा अडवला, तर तो तिथला प्रवेशाचा नियम. तो पाळावा. पण भर रस्त्यावर कुणी ‘कॉपीराइट आहे’ म्हणून हटकलं, तर हे कलम त्याला शांतपणे दाखवा.