स्टार्टअप मेसेज (डिस्प्ले मॉड्यूलवरचा)

मायक्रोकंट्रोलरवर (एकाच चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या डिस्प्लेला पावर दिली की खरी माहिती यायच्या आधी क्षणभर जे दिसतं, म्हणजे कंपनीचं नाव, व्हर्जन नंबर, 'प्लीज वेट' किंवा नुसता लोगो, त्याला स्टार्टअप मेसेज म्हणतात. बूट मेसेज आणि स्प्लॅश स्क्रीन हे शब्दपण त्याच अर्थाने चालतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) १६ बाय २ चा (१६ अक्षरं, २ ओळी) एलसीडी आणून प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांचा पहिला प्रोग्रॅम बऱ्याचदा हाच असतो, वरच्या ओळीत कॉलेज आणि खालच्या ओळीत ग्रुपचं नाव. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातल्या फायरबर्ड ५ रोबोटवरही असाच १६ बाय २ चा डिस्प्ले आहे, मागे एटीमेगा २५६० हा मायक्रोकंट्रोलर.

ही पद्धत मुळात आली कुठून यावर एकमत नाही. काही जण ती घरगुती कॉम्प्युटरकडे नेतात, उदाहरणार्थ १९८२ चा कमोडोर ६४ चालू केला की निळ्या स्क्रीनवर बेसिक भाषेची आवृत्ती आणि ३८९११ बाइट मोकळ्या असल्याचं सांगायचा. दुसरं मत असं की मूळ मोजमापाच्या यंत्रांत आणि सेल्फ टेस्टमधे आहे, म्हणजे आधी सगळे सेगमेंट पेटवून दाखवायचे, मग व्हर्जन, मग काम सुरू; १९८१ च्या आयबीएम पीसीची मेमरी तपासणारी सुरुवात त्याच घराण्यातली. डिस्प्ले मॉड्यूलच्या बाबतीत दुसरं मत जास्त पटतं, कारण इथे मेसेजचा पहिला उपयोग स्क्रीन जिवंत आहे का, कॉन्ट्रास्ट बरोबर आहे का हे बघायलाच होतो. अक्षरांच्या एलसीडीवर हिताचीचा एचडी४४७८० हा कंट्रोलर, म्हणजे काचेवर अक्षरं उमटवणारा चिप, १९८० च्या दशकात आला. स्वतःचा मायक्रोकंट्रोलर पाठीवर घेऊन येणारे आणि मेसेज लक्षात ठेवणारे सिरियल मॉड्यूल बहुधा त्यानंतरच्या दशकात, बेसिक स्टॅम्प या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या काळात रुळले असावेत.

मेसेज बदलायच्या आधी तो राहतो कुठे हे बघायला हवं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एचडी४४७८० मधे अक्षरांसाठी ८० बाइट आणि स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी ६४ बाइट रॅम असते, पावर गेली की दोन्ही गेलं. म्हणजे नुसत्या एलसीडीला स्टार्टअप मेसेज असा नसतोच, त्याला कोणी इनिशियलाइज केलं नाही (सुरुवातीच्या कमांड देऊन तयार केलं नाही) तर वरच्या ओळीत काळे चौकोन दिसतात आणि खालची ओळ रिकामी. डेटाशीटप्रमाणे ५ व्होल्टवर पावर आल्यावर १५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायचं, मग तीच कमांड तीनदा, पहिल्या आणि दुसऱ्यामधे ४.१ मिलिसेकंद आणि नंतर १०० मायक्रोसेकंद सोडून. ही घाई केली की मेसेज कधी येतो कधी येत नाही. बाजारात मिळणारा चार वायरींचा आयटूसी बॅकपॅकही (एलसीडीच्या पाठीवर लावायचा छोटा बोर्ड) याला अपवाद नाही, त्यावरचा पीसीएफ८५७४ नुसता पिना वाढवून देणारा चिप आहे, त्यात एक अक्षरही साठत नाही. त्यामुळे 'आयटूसी एलसीडीचा बूट मेसेज बदलायची कमांड' शोधत बसण्यात काही अर्थ नाही, तसली कमांडच नाही, मेसेज आपल्या प्रोग्रॅममधेच लिहावा लागतो.

ज्या मॉड्यूलवर स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असतो तिथे मात्र मेसेज मॉड्यूलच्या ईप्रॉममधे (EEPROM, पावर गेली तरी टिकणारी मेमरी) राहतो आणि सिरियलवरून, म्हणजे एका वायरीवर एकामागोमाग बाइट पाठवून, बदलता येतो. स्पार्कफन कंपनीच्या जुन्या सिरियल एलसीडीत (पीआयसी १६एफ८८ वाला) हवा तो मजकूर आधी स्क्रीनवर लिहायचा आणि मग १२४ व १० हे दोन बाइट पाठवायचे, समोर दिसतंय तेच सेव्ह होतं. १२४ आणि ९ पाठवले तर स्प्लॅश चालू-बंद होतो. स्प्लॅश दिसतो तो सुरुवातीचा अर्धा सेकंद आणखी एका कामाचा आहे, बॉड रेट (सिरियलचा वेग) चुकून बदलला आणि मॉड्यूल ऐकेनासं झालं तर त्याच वेळात ९६०० वर १८ हा बाइट पाठवून ते परत ९६०० वर आणता येतं. एडाफ्रूट कंपनीच्या यूएसबी-सिरियल बॅकपॅकची तऱ्हा वेगळी, तिथे २५४, ६४ आणि त्यापाठोपाठ १६ बाय २ साठी पूर्ण ३२ अक्षरं द्यायची, मजकूर लहान असेल तर उरलेल्या जागा स्पेसने भरायच्या, नाहीतर पुढच्या कमांडचे बाइट मेसेजमधे जातात.

आपल्याच आर्डुइनो बोर्डात मेसेज साठवायचा असेल तर त्यावरच्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमधे १०२४ बाइट ईप्रॉम आहे, ३२ अक्षरांना भरपूर झालं. पण ही मेमरी सुमारे १ लाख वेळा लिहिण्यापुरतीच हमीची आहे, त्यामुळे सेव्ह करणारी ओळ चुकून लूपमधे राहिली आणि दर सेकंदाला लिहीत बसली तर साधारण २८ तासांत तो आकडा गाठला जातो (म्हणून राइट फंक्शनऐवजी अपडेट वापरायचं, ते किंमत बदललेली असेल तरच लिहितं). एक बाइट लिहायला ३.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३२ अक्षरांना सेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात पावर गेली तर अर्धा नवा अर्धा जुना मेसेज तयार होतो. शेवटी एक खुणेचा बाइट किंवा चेकसम (सगळ्या बाइटांची पडताळणी करणारी बेरीज) ठेवला की असा मेसेज ओळखता येतो, आणि ब्राउनआउट डिटेक्शन (व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारी सोय) चालू ठेवायचं. कोऱ्या ईप्रॉममधून प्रत्येक बाइट २५५ वाचला जातो आणि एचडी४४७८० च्या जपानी अक्षरांच्या रॉममधे (चिपमधल्या कायमच्या अक्षरसंचात) २५५ म्हणजे भरीव काळा चौकोन, त्यामुळे फक्त वरची ओळ काळी असेल तर डिस्प्ले इनिशियलाइज झालेला नाही आणि दोन्ही ओळी काळ्या असतील तर कोरा ईप्रॉम वाचला जातोय, असा बराच खात्रीचा अंदाज बांधता येतो. आयएसपी प्रोग्रॅमरने (चिपमधे थेट प्रोग्रॅम भरणाऱ्या उपकरणाने) चिप इरेज केला की ईप्रॉमही पुसला जातो, ईसेव्ह फ्यूज (चिपमधलं एक सेटिंग) लावलेला असेल तर राहतो.

ग्राफिक डिस्प्लेचं काम तुलनेने सोपं आहे. १२८ बाय ६४ च्या ओलेडचं पूर्ण चित्र १०२४ बाइटचं होतं. एडाफ्रूटच्या एसएसडी१३०६ लायब्ररीत चित्र ठेवायची ती मेमरी (बफर) सुरुवातीला त्यांच्याच लोगोने भरलेली असते, म्हणून दाखवायच्या आधी बफर साफ करायचा किंवा आपलं चित्र टाकायचं. थ्रीडी प्रिंटरच्या मार्लिन फर्मवेअरमधे कस्टम बूटस्क्रीनची सोय आहेच, आणि नेक्स्टियन या टच डिस्प्लेवर पान शून्य हेच स्टार्टअप.

मराठीत मेसेज हवा असेल तर अक्षरांच्या एलसीडीवर खरी कसरत लागते, आणि ती करण्यासारखी आहे. रॉममधे देवनागरी नाही, स्वतःची अक्षरं एका वेळी आठच, प्रत्येक ५ ठिपके रुंद आणि ८ ओळी उंच. पहिली ओळ अनुस्वार-मात्रेला, दुसरी शिरोरेषेला, तिसरी ते सातवी अक्षराच्या अंगाला आणि आठवी उकाराला, ही वाटणी चांगली बसते, कर्सर तेवढा बंद ठेवायचा कारण तो आठव्या ओळीतच येतो. 'न' चे आठ आकडे ०, ३१, १, १, १५, २५, १, ० असे देता येतात, ३१ म्हणजे पाचही ठिपके पेटलेली शिरोरेषा आणि १ म्हणजे उजवीकडचा दंड. दोन घरांमधे काचेवरच फट असते म्हणून शिरोरेषा तुटक दिसते, त्याला इलाज नाही. आठाच्या मर्यादेत शब्द बसवताना वेलांटी, काना, अर्धं अक्षर वेगळं मोजायचं: 'जय महाराष्ट्र' ला ज, य, म, ह, काना, र, अर्धा ष आणि ट्र असे बरोब्बर आठ लागतात. 'नमस्कार मुंबई' ला नऊ, एक जास्तच, तिथे काना म्हणून रॉममधली उभी रेघ चालवून घेता येते. 'गणपती बाप्पा मोरया' एका स्क्रीनवर बसत नाही पण 'गणपती बाप्पा' आठात बसतं, मग स्क्रीन साफ करून नवी अक्षरं भरायची आणि 'मोरया' दाखवायचं. साफ न करता भरली तर आधीची अक्षरं डोळ्यासमोर बदलतात. शून्य नंबरचं अक्षर स्ट्रिंगमधे टाकलं तर सी भाषेत स्ट्रिंग तिथेच संपते, त्याऐवजी ८ लिहायचं, तेच अक्षर येतं. सिरियल मॉड्यूलच्या स्प्लॅशमधे सेव्ह होतो तो अक्षराचा नंबर, आकार वेगळा साठवायची सोय आहे का ते डेटाशीटमधे बघून घ्यायचं. ओलेडवर यापेक्षा बरं दिसतं, पण तिथेही साध्या लायब्ऱ्या जोडाक्षरं जुळवत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवर नीट अक्षर काढून त्याचं चित्रच चढवावं.

मेसेज आपोआप बिघडल्यासारखा वाटतो त्याची कारणं बहुतेकदा दुसरीकडे असतात. ईएसपी८२६६ हा वाय-फायवाला चिप चालू होताना स्वतःच्या टीएक्स (माहिती पाठवायच्या) पिनवर ७४८८० बॉडने काहीबाही पाठवतो, त्याच पिनवर ९६०० चा सिरियल एलसीडी असेल तर स्क्रीनवर कचरा उमटतो, डिस्प्ले दुसऱ्या पिनवर हलवणं हाच उपाय. आर्डुइनो ऊनोवर सिरियल मॉनिटर उघडला की बोर्ड रिसेट होतो आणि मेसेज परत येतो, त्यात बिघाड काही नाही.

गणपतीत मंडपाच्या बोर्डावर किंवा सोसायटीच्या पंपाच्या कंट्रोलरवर मेसेज मधेच परत दिसला तर मात्र कारण शोधायला हवं, आणि स्टार्टअप मेसेजचा सगळ्यात मोलाचा उपयोग आमच्या मते हाच. एव्हीआरमधे (आर्डुइनोवरच्या एटीमेगा चिपांच्या घराण्यात) एमसीयूएसआर हा रजिस्टर सांगतो की रिसेट पावर आल्याने झाला, बटणाने, व्होल्टेज पडल्याने की वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला तर रिसेट करणाऱ्या टायमरने). मेसेजच्या कोपऱ्यात त्याचं एक अक्षर दाखवलं तर शिडीवर चढलेल्या माणसाला मल्टीमीटर लावायच्या आधीच कळतं की पावर सप्लाय बघायचा की प्रोग्रॅम. ऊनोवरचा ऑप्टीबूट बूटलोडर (आपल्या प्रोग्रॅमच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) हा रजिस्टर आधीच साफ करून टाकतो, त्याच्या नव्या आवृत्त्यांत मूळ किंमत आर२ रजिस्टरमधे मिळते आणि ती प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीलाच उचलावी लागते. ईएसपी३२ वर हेच कारण एका फंक्शनने मिळतं. मेसेज एक-दोन सेकंद ठेवावा, पण त्यासाठी डिले फंक्शन वापरलं तर पंप बंद करायचं बटणसुद्धा तेवढा वेळ वाचलं जात नाही, म्हणून तिथे मिलिस या फंक्शनवर वेळ मोजून बाकीचं काम चालू ठेवतात.