रेल्वे विद्यापीठात बी.टेक. प्रवेश: ओबीसी-ईडब्ल्यूएस दाखला १ एप्रिलपासूनचाच हवा

रेल्वे अभियांत्रिकी शिकू इच्छिणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली बडोद्याच्या गतिशक्ती विश्वविद्यालयाचे नाव असते. २०१८ साली राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्था म्हणून हे सुरू झाले, २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाले. रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा ओळखीच्याच शाखांना इथे रेल्वेची जोड मिळते.

बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनच्या रँकवर, जोसामार्फत (केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांतल्या जागावाटपाची सामाईक यंत्रणा) होतो. एमएचटी-सीईटीचे गुण इथे चालत नाहीत आणि राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत हे विद्यापीठ नसते. नोंदणी, पसंतीक्रम आणि शुल्क ही कामे ऑनलाइन होतात, त्यात फारसे कुणी अडत नाही.

मुले अडतात ती दाखल्यावर. जोसाला ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हे दोन्ही दाखले त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेले लागतात. जेईईच्या पहिल्या सत्राचा अर्ज मात्र आदल्या हिवाळ्यातच भरला जातो. पालक तेव्हाच धावपळ करून दाखला काढतात, फाईलमध्ये जपून ठेवतात आणि जूनमध्ये तोच अपलोड करतात. तो नाकारला जातो. राज्याचे नॉन-क्रीमीलेअर तीन वर्षांचे असले की "आमचे अजून दोन वर्षे चालते" असे आई-वडील सांगतात. ते राज्यापुरते खरे आहे. इथे केंद्राच्या नमुन्यातला नवा दाखला हवा, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असायला हवी. राज्याच्या यादीवर विसंबू नका. भटक्या-विमुक्त जातींना केंद्रात वेगळा प्रवर्ग नाही. जात त्या यादीत असेल तर ओबीसी म्हणूनच अर्ज करायचा.

मराठा समाजाला राज्यात मिळणाऱ्या एसईबीसी आरक्षणाच्या दाखल्याचा इथे उपयोग नाही. हा समाज केंद्राच्या ओबीसी यादीत नसल्याने निकषांत बसणाऱ्या मुलांनी केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा. त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे, आणि त्यात पगार व शेती दोन्ही धरतात. शेतजमीन ५ एकर किंवा अधिक असेल, किंवा फ्लॅट १,००० चौरस फूट वा मोठा असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. तहसीलमध्ये पुष्कळदा न विचारताच राज्याचा नमुना हातात देतात. खिडकीवरच "केंद्रासाठी" असे स्पष्ट सांगा आणि दाखला घेतल्यावर मथळा व तारीख तिथेच वाचा. एका मुलीला याच कारणाने दोनदा परत जावे लागले. तिच्या वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि चूक त्यांची नव्हती. नमुना तपासून देणे हे कार्यालयाचे काम आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या, जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात.

जात वैधता प्रमाणपत्र जोसा मागत नाही, त्यासाठी थांबून राहू नका.

प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के लागतात, त्याबाबतही घोळ होतो. एससी-एसटीसाठी ही अट ६५ टक्के आहे. टक्के कमी पडले तरी आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत असाल तर पात्र ठरता. टक्केवारी सहाही विषयांची काढायची नसते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा एक, असे पाचच विषय धरतात. ७३ टक्के पडले म्हणून रडत बसलेला मुलगा या हिशेबाने पात्र निघालेला मी पाहिला आहे.

जागा मिळून शुल्क भरले की घरात पेढे वाटले जातात. पण कागदपत्रांची पडताळणी त्यानंतर होते. शंका निघाली तर ती तुमच्या लॉगिनमध्ये दिसते, आणि ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही तर जागा रद्द होते. फेरी संपेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन उघडा. नेट कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल तर तुम्हाला काही कळणारच नाही, म्हणून नोंदणीला घरचाच नंबर द्या.

पालक हमखास विचारतात, "मग रेल्वेत नोकरी पक्की ना?" नाही. पदवी झाल्यावरही गट अ च्या अधिकारी पदांसाठी यूपीएससी आणि ज्युनियर इंजिनियरसाठी आरआरबीची (रेल्वे भरती मंडळ) परीक्षा इतरांसारखीच द्यावी लागते. हे आधी समजून मगच पसंतीक्रम लावा.

जोसात जागा मिळाली नाही तर उरलेल्या जागांसाठी सीसॅब या केंद्रीय मंडळाच्या विशेष फेऱ्या असतात. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, जोसाची पुढे चालत नाही.