बॅटरी एलिमिनेटर
बॅटरी एलिमिनेटर : सेलवर चालणाऱ्या उपकरणाला घरातील वीजपुरवठ्यावरून, सेलच्या दाबाइतका एकदिश (डी.सी.) विद्युत् दाब पुरवणारे साधन. बाजारात मिळणाऱ्या अशा साधनाला आता बहुधा ‘अडॅप्टर’ म्हणतात. ‘एलिमिनेटर’ हा जुना शब्द शाळांच्या प्रयोगशाळांत व रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत टिकून आहे. या नोंदीत मुख्यतः हाताने जुळवलेल्या साधनाचा विचार केला आहे.

उगम : १९२०–३० या दशकात अमेरिका व कॅनडातील घरगुती रेडिओ निर्वात नलिकांचे (व्हॉल्व्हचे) असत व नलिकेच्या तीन भागांसाठी त्यांना सर्वसाधारणपणे तीन बॅटऱ्या लागत : तंतू तापवण्यासाठी ‘ए’, पट्टिकेसाठी (प्लेट) बहुधा ४५ ते ९० व्होल्टची ‘बी’ आणि जालकासाठी (ग्रिड) ‘सी’. यांपैकी ‘ए’ बॅटरी पुष्कळदा आम्लाची असल्याने ती वारंवार भारित करावी लागे. हा व्याप टाळण्याचे श्रेय कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेतील पर्सिव्हल लॉवेल व फ्रान्सिस डनमोर यांनी १९२२ च्या सुमारास घरातील प्रत्यावर्ती (ए.सी.) प्रवाहावर रेडिओ चालवण्याच्या पद्धती शोधल्या. त्यांच्या पेटंटांवर सरकारने हक्क सांगितला. परवानाधारक डुबिलियर कंडेन्सर कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९३३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. मात्र तो वाद पेटंटांच्या मालकीचा होता, शोध आधी कोणी लावला याचा नव्हता, त्यामुळे या निकालाच्या आधारे दोघांना आद्य संशोधक म्हणणे घाईचे होईल. टोराँटोच्या एडवर्ड रॉजर्स यांचा १९२५ मधील बॅटरीविना चालणारा रेडिओही अनेकदा पुढे केला जातो. परंतु त्यात नलिकाच बदललेल्या होत्या, म्हणून त्याला काटेकोर अर्थाने एलिमिनेटर म्हणता येत नाही. पुढे मोटोरोला म्हणून प्रसिद्ध झालेल्या, शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीचे १९२८ मधील पहिले उत्पादन मात्र एलिमिनेटरच होते.

रचना : रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) २३० व्होल्टचा दाब उतरवते, चार डायोडांचा (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या घटकांचा) पूल प्रवाह एका दिशेने वळवतो व धारित्र (कपॅसिटर) त्यातील चढउतार कमी करते. नवख्याची फसगत होते ती दाबाच्या आकड्यात. रोहित्रावरचा ६ व्होल्ट हा आकडा परिणामी (आर.एम.एस.) दाबाचा असतो; त्याचा शिखरदाब सुमारे ८·५ व्होल्ट असतो. डायोडांत १·४ व्होल्ट गेले तरी धारित्रावर सातच्या वर उरतात, आणि उपकरण जोडलेले नसताना त्याहूनही अधिक. तीन व्होल्टच्या रेडिओसाठी म्हणून पुढे एल.एम. ३१७ सारखा, दाब स्थिर ठेवणारा नियामक (रेग्युलेटर) घालतात. २४० व ३३० ओहमच्या रोधांनी (रेझिस्टर) तो साधारण २·९७ व्होल्ट देतो. नियामकाऐवजी नुसता रोध घालणे चुकीचे, कारण आवाज वाढवला की प्रवाह वाढतो आणि दाब कोसळतो. नियामक नसेल, तर १००० मायक्रोफॅरडच्या धारित्रावर १०० मिलिअँपिअर भाराला जवळजवळ १ व्होल्टचा चढउतार राहतो व तो स्पीकरमधून गुणगुण होऊन ऐकू येतो.

खोटा सेल : उपकरणाला बाहेरून जोडणीचे छिद्र नसल्यास लाकडी गोल दांडीचा सेलएवढा ठोकळा करतात. पेन्सिल सेलची लांबी ५०·५ मिलिमीटर व व्यास १४·५ मिलिमीटर असतो. लांबीत स्क्रूची डोकीही धरायची असल्याने दांडी तेवढी आखूड कापावी लागते. धन टोकाला गोल डोक्याचा पितळी स्क्रू बसवणे इष्ट, कारण सेल उलटा बसला तरी जोडणी होऊ नये म्हणून कित्येक कप्प्यांत धन पट्टीभोवती प्लॅस्टिकची कड असते आणि सपाट डोके पट्टीला टेकतच नाही. सेल एकसरीत (एकापुढे एक, सीरिजमध्ये) असल्यास एका ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पुरवठ्याच्या तारा जोडतात. उरलेल्या प्रत्येक ठोकळ्याची स्वतःची दोन टोके आपसांत तारेने जोडलेली असतात. दोन सेलांच्या मधल्या सांध्यावरून वेगळी तार घेणाऱ्या उपकरणात ही युक्ती चालत नाही. एलिमिनेटरसोबत खरे सेल कप्प्यात ठेवू नयेत, त्यांत उलटा प्रवाह शिरून ते फुटू किंवा गळू शकतात.

अलीकडचे रूप : मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरपुढे तीन सिलिकॉन डायोड एकसरीत जोडून सुमारे ३ व्होल्ट मिळवण्याची पद्धत रेडिओला पुरते, भिंतीवरच्या घड्याळाचा प्रवाह मात्र इतका अल्प असतो की प्रत्येक डायोडमागे ०·७ ऐवजी पुष्कळच कमी दाब घटतो व हिशोब चुकतो. रोहित्राशिवाय, केवळ धारित्राने दाब उतरवणारे मंडल (सर्किट) स्वस्त पडते; परंतु ते मुख्य तारांपासून विलग नसल्याने कप्प्यातील उघड्या पट्टीला बोट लागले तरी जीवघेणा झटका बसू शकतो, आणि हात लागणाऱ्या उपकरणासाठी ते वापरणे सर्वथा अयोग्य आहे. कॅमेऱ्यांसाठी बॅटरीच्या आकाराचे तयार ठोकळे मिळतात.